पूर्णांकाला शून्याने भागलं तर इंटेलचा प्रोसेसर ओरडतो, एआरएमचा गप्प बसतो. मग चाचणी कोणाचं ऐकून लिहायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी हिशेबाचं एक पॅकेज आहे, डेटाबेस पोस्टग्रेस, जोडीला फोनवरचं एक ॲप. दिवसाचा सरासरी भाव काढणारं फंक्शन पूर्वी कोणीतरी सी भाषेत लिहून एक्स्टेन्शन, म्हणजे पोस्टग्रेसला जोडलेली पुरवणी, म्हणून बसवलं आहे: एकूण पैसे भागिले एकूण क्विंटल, दोन्ही पूर्णांक. आवक शून्य असेल त्या दिवशी एरर यायला हवी अशी एक चाचणी आहे आणि नागपूरच्या ऑफिसातल्या इंटेल सर्व्हरवर ती वर्षानुवर्षं पास होत आली. आता सगळं क्लाउडवरच्या एआरएम मशीनवर नेलं. तिथे एररच येत नाही, भाव ० येतो आणि चाचणी पडते. टीममधल्या एकाचं म्हणणं असं की एआरएमसाठी अपेक्षित उत्तराची दुसरी फाइल ठेवून देऊ, म्हणजे दोन्हीकडे हिरवं दिसेल. ठेवावी का?

ठेवू नका. ती चाचणी एआरएमवर पडली तेव्हा तिने पहिल्यांदा काहीतरी कामाचं सांगितलं. चूक इंटेलवरही होतीच, तिथे ती झाकलेली होती.

आधी प्रोसेसर काय करतो ते बघा. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला पूर्णांकांच्या भागाकाराची सूचना मिळाली आणि भाजक शून्य निघाला, तर तो काम थांबवून अपवाद उठवतो. लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या अपवादाचा सिगएफपीई नावाचा सिग्नल करून प्रोग्रॅमला पाठवतं. पोस्टग्रेसने या सिग्नलसाठी हॅन्डलर, म्हणजे तो झेलणारा कोड, बसवलेला असतो, म्हणून प्रक्रिया मरत नाही. 'फ्लोटिंग-पॉइंट एक्सेप्शन' असा संदेश येतो, कोड २२पी०१ असतो, ट्रॅन्झॅक्शन रद्द होतं आणि कनेक्शन जिवंत राहतं. भागाकार पूर्णांकांचा, संदेश मात्र फ्लोटिंग-पॉइंटचा. त्यामुळे पुष्कळ जण टेबलमध्ये फ्लोट, म्हणजे दशांश संख्यांचा, कॉलम शोधत बसतात, जो तिथे नसतोच.

६४-बिट एआरएमवर तीच सूचना शून्याने भागल्यावर निमूटपणे ० देते. अपवाद नाही, सिग्नल नाही, काही नाही. हा बग नाही, त्या आर्किटेक्चरच्या नियमपुस्तकातच तसं लिहिलं आहे. रिस्क-फाइव्हवर सगळे बिट १ येतात, म्हणजे चिन्हासह वाचलं तर उणे १. आणि बाकी काढायला सांगितली तर भाज्यच जसाच्या तसा परत मिळतो. पॉवर प्रोसेसरवर उत्तर अनिश्चित, जे येईल ते. आयबीएमचं मेनफ्रेम इंटेलसारखंच ओरडतं. प्रत्येक जण आपापल्या नियमपुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. सी भाषेच्या मानकात या क्रियेला अर्थच दिलेला नाही, त्यामुळे कंपायलरलाही, म्हणजे सीचा कोड मशीनच्या सूचनांत बदलणाऱ्या प्रोग्रॅमलाही, मोकळीक आहे. तराजू बंद पडल्यावर एक मापाडी बोंब मारतो, दुसरा वहीत शून्य लिहून पुढच्या गाडीकडे वळतो. तुमच्या वहीत काय लिहिलं जावं हे मापाड्याच्या स्वभावावर सोडायचं नसतं.

तुमच्या जुन्या अपेक्षित फाइलमध्ये नेमका कोणता संदेश आहे तो आत्ताच उघडून पाहा. 'डिव्हिजन बाय झिरो' असेल तर त्याचा कोड २२०१२, म्हणजे कोडने भाजक तपासून स्वतः एरर दिली. 'फ्लोटिंग-पॉइंट एक्सेप्शन', म्हणजे २२पी०१ असेल, तर कोडने काहीच तपासलं नव्हतं, हार्डवेअरने वाचवलं. एआरएमवर ० आला या एका गोष्टीवरून तुमच्या फाइलमध्ये दुसरा संदेश असणार हे जवळजवळ नक्की. आणि फाइलमध्ये कोडच नसेल, चाचणी 'काहीतरी एरर आली, झालं' एवढ्यावरच पास होत असेल, तर त्याहून वाईट.

यावरून मी प्रत्येक टीमला एक नियम करायला लावतो: चाचणीत कुठेही, कुठल्याही मशीनवर २२पी०१ दिसला तर ती चाचणी नापास. मग बाकी सगळं हिरवं असो. हा कोड येणं म्हणजे आपल्या कोडमधून एक अवैध क्रिया थेट प्रोसेसरपर्यंत पोचली. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेत, चाचणी लिहिताना 'एक्सेप्शन व्हेन अदर्स' असा सगळं गिळणारा सापळा लावायचा नाही, 'डिव्हिजन बाय झिरो' हीच अट नावाने लिहायची. 'अदर्स'मध्ये दोन्ही कोड पडतात आणि जे पाहायचं तेच दिसेनासं होतं. संदेशाचा मजकूर जुळवत बसू नका, तो सर्व्हरच्या भाषेनुसार बदलतो. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला क्वेरी द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, आवृत्ती १२ पासून व्हर्बोसिटी (संदेशात किती तपशील यावा ती मांडणी) 'एसक्यूएलस्टेट' ठेवता येते, मग एररच्या जागी फक्त पाच अक्षरी कोड छापला जातो. या कामाला तेवढाच हवा.

आता दुसऱ्या अपेक्षित फाइलबद्दल, कारण तो सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही. पोस्टग्रेसच्या चाचणी-यंत्रणेत, म्हणजे पीजी-रिग्रेसमध्ये, पर्यायी उत्तरं ठेवायचे दोन मार्ग आहेत. एक रिझल्टमॅप: अमुक प्लॅटफॉर्मसाठी अमुक फाइल, असं त्यात लिहिता येतं. दुसरा म्हणजे फाइलच्या नावापुढे अंडरस्कोर आणि एक अंक. बहुतेक जण हा दुसराच वापरतात, कारण सोपा आहे. पण ही पर्यायी फाइल प्लॅटफॉर्म बघत नाही. कुठल्याही मशीनवर, ठेवलेल्यांपैकी कुठल्याही एका फाइलशी उत्तर जुळलं की चाचणी पास. म्हणजे तुम्ही एआरएमसाठी म्हणून ० ची फाइल ठेवली, तर उद्या इंटेलवरही ० आला तरी कोणाला कळणार नाही. चूक एका मशीनपुरती मान्य करायला गेलात आणि सगळ्यांसाठी कायदेशीर करून बसलात. बरं, इंटेलवर ० येणं अशक्य आहे असंही समजू नका. भागाकाराचा निकाल पुढे वापरलाच जात नसेल तर कंपायलर ती सूचनाच काढून टाकू शकतो. मग सिग्नल यायचा कुठून?

फंक्शनने काय द्यायला हवं हा प्रश्न मात्र हार्डवेअरचा नाही, बाजाराचा आहे. संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराच्या मधल्या दिवसांत आवकच नसते, तेव्हा त्या दिवसाचा भाव शून्य रुपये नसतो, तो अस्तित्वातच नसतो. भावपत्रकात त्या ओळीत 'आवक नाही' लिहितात, '०' नाही. डेटाबेसमध्ये याला नल म्हणतात. नल सरासरीत धरला जात नाही, शून्य धरला जातो. सहा दिवसांच्या आठवड्यात दोन दिवस आवक नसेल आणि तिथे शून्य घुसले, तर साप्ताहिक सरासरी एकतृतीयांशाने खाली येते. शेतकऱ्याला दाखवायचा आकडा हाच असतो ना? एसक्यूएलमध्ये लिहिणार असाल तर भाजकाला नलइफ लावा: क्विंटल शून्य असेल तर नल, आणि नलने भागल्यावर नल. एवढ्यात काम होतं. खरं सांगायचं तर या फंक्शनला सी भाषेची गरज होती असं मला वाटत नाही, पण ते राहू द्या. सीमध्येच ठेवायचं असेल तर शून्याची तपासणी भागाकाराच्या आधी लिहा आणि तिथूनच नल देऊन परत फिरा.

'आधी' यावर जोर द्यायला कारण आहे. तपासणी भागाकाराच्या नंतर लिहिली तर कंपायलर असा विचार करतो: इथे भागाकार झाला आहे, म्हणजे भाजक शून्य असूच शकत नाही, म्हणजे ही तपासणी निरर्थक आहे, आणि ती पुसून टाकतो. सी भाषेच्या मानकाच्या जोरावर त्याला तसं करायचा अधिकार आहे. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पूर्णांक भागाकाराच्या फंक्शनमध्ये शून्य दिसताच एरर फेकली जाते, आणि त्यानंतर एक ओळ अशी आहे की जी कधी चालणारच नाही. ती फक्त कंपायलरला पटवण्यासाठी, की बाबा, इथून पुढे भागाकारापर्यंत आपण पोचत नाही. शेजारच्या टिपेत जीसीसी या कंपायलरच्या एका बगचा उल्लेख आहे. इतक्या वर्षांच्या मुरलेल्या कोडमध्येही ही काळजी घ्यावी लागली.

शून्याइतकाच महत्त्वाचा, पण कोणाच्या ध्यानात न येणारा दुसरा भाजक म्हणजे उणे १. चार बाइटच्या पूर्णांकात सगळ्यात लहान संख्या −२१४७४८३६४८ आणि सगळ्यात मोठी २१४७४८३६४७. सगळ्यात लहानला उणे १ ने भागलं तर उत्तर एकने मोठं होतं आणि मावत नाही. इंटेलवर यालाही तोच अपवाद, तोच सिग्नल. एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर मूळचीच ऋण संख्या परत येते, गुपचूप. गंमत पुढे आहे: उणे १ ने भागून बाकी काढली तर उत्तर सरळ ० आहे, त्यात न मावण्यासारखं काही नाही. पण इंटेलची सूचना भागाकार आणि बाकी एकदमच काढते, त्यामुळे बाकी मागितली तरी ती ओरडते. पोस्टग्रेसमध्ये या प्रकारांची नीट दुरुस्ती २०१२ साली झाली. तेव्हापासून भाजक उणे १ असेल तर भागाकार करतच नाहीत, संख्येचं चिन्ह बदलतात आणि मावत नसेल तर २२००३ देतात. बाकीच्या बाबतीत थेट ० देतात.

दोन बाइटच्या स्मॉलइंटमध्ये याचा अवतार वेगळा. सी भाषा लहान पूर्णांक आधी इंटमध्ये रुंद करते, मग भागते. −३२७६८ भागिले उणे १ म्हणजे ३२७६८, इंटमध्ये आरामात मावतं, म्हणून इंटेलसुद्धा गप्प. परत दोन बाइटमध्ये कोंबताना ते −३२७६८ होतं. म्हणजे या एका प्रकारात दोन्ही मशीन एकमताने चुकीचं उत्तर देतात. 'दोन्ही मशीनवर सारखं आलं म्हणजे बरोबर' असं मानणाऱ्याची चाचणी इथे आंधळी असते. अपेक्षित उत्तर मशीनकडून उतरवून घ्यायचं नाही, कागदावर काढायचं, ते यासाठी.

चाचणीचा सांगाडा मी असा ठेवतो. स्मॉलइंट, इंट, बिगइंट (दोन, चार आणि आठ बाइटचे पूर्णांक) या प्रत्येक प्रकारासाठी सहा संख्यांचं छोटं टेबल: सगळ्यात लहान, तिच्याहून एकने मोठी, उणे १, शून्य, १ आणि सगळ्यात मोठी. टेबल स्वतःशीच जोडायचं, म्हणजे ३६ जोड्या. त्या प्रत्येक जोडीवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बाकी. प्रत्येक जोडीसमोर अपेक्षित उत्तर किंवा अपेक्षित कोड. हे अपेक्षित आकडे न्यूमेरिक प्रकारात काढून घेता येतात, कारण तो प्रकार दशमान अंकांचे गट सॉफ्टवेअरमध्येच हाताळतो आणि इथल्या कुठल्याच संख्येला कमी पडत नाही. न्यूमेरिकचं उत्तर प्रकाराच्या मर्यादेत बसलं तर तेच, नाही बसलं तर २२००३, भाजक शून्य असेल तर २२०१२. भागाकार न्यूमेरिकमध्ये करताना दशांश भाग छाटायला विसरू नका, पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने छाटतो.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, सगळ्यात लहान संख्या क्वेरीत लिहिताना तिला कंस घाला. दोन कोलन लावून प्रकार बदलण्याची क्रिया उणे चिन्हापेक्षा आधी होते, त्यामुळे कंस नसेल तर २१४७४८३६४८ ही धन संख्या इंटमध्ये बसवायचा प्रयत्न होतो आणि तुम्हाला भलत्याच कारणासाठी 'आउट ऑफ रेंज' मिळतं. चाचणी पास दिसते, तपासलं काहीच जात नाही. दुसरा, क्वेरीत थेट १/० असं लिहिलं तर पोस्टग्रेसचा प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, ते आधीच सोडवायला जातो. केस या अटींच्या रचनेतल्या ज्या फांदीत क्वेरी कधी जाणारच नाही तिथल्या १/० वरही एरर येऊ शकते. तुमच्या खऱ्या क्वेरीत भाजक कॉलममधून येतो, म्हणून चाचणीतही तो टेबलमधूनच यायला हवा. जेआयटी, म्हणजे क्वेरी चालतानाच तिचं मशीनच्या सूचनांत रूपांतर, चालू असेल तर त्याची खर्चमर्यादा शून्यावर आणून तीच चाचणी पुन्हा चालवा, म्हणजे तोही रस्ता तुडवला जाईल. आणि प्रत्येक एररनंतर त्याच कनेक्शनवर एक साधी क्वेरी करून बघा. एरर आली हे अर्धंच आहे, सर्व्हर त्यानंतर शुद्धीवर आहे का हे उरलेलं अर्धं.

तुमच्या पॅकेजमध्ये कुठे पैसे साध्या इंटमध्ये ठेवले आहेत का तेही पाहा. चार बाइटमध्ये जास्तीत जास्त २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे मावतात. हंगामात बाजाराच्या एका दिवसाच्या उलाढालीला ही मर्यादा म्हणजे काहीच नाही. एसक्यूएलमधली बेरीज पोस्टग्रेस तपासतं, पण सी एक्स्टेन्शनमधली तपासत नाही. एक्स्टेन्शन बांधताना पोस्टग्रेसचेच कंपायलर-पर्याय लागू होतात आणि त्यांत 'रॅप-व्ही' असतो: बेरीज ओसंडली तर ऋणात गुंडाळून पुढे चालू. हे सगळ्या प्रोसेसरवर सारखंच होतं, त्यामुळे दोन मशीनची तुलना करून कधीच सापडणार नाही. जीसीसी ५ पासून ओसंडणं ओळखणारी बेरीज-गुणाकाराची तयार फंक्शन्स आहेत, पोस्टग्रेस ११ पासून त्यांच्यावर बेतलेली स्वतःची फंक्शन्स देतं. ती वापरा, हाताने तुलना लिहू नका.

आता फ्लोट. भाव पैशात आणि वजन क्विंटलमध्ये असताना फ्लोट कशाला लागतो हा माझा नेहमीचा वाद आहे, पण वजनकाट्याकडून येणारा आकडा बऱ्याचदा फ्लोट असतो आणि तो पूर्णांकात बदलावा लागतो. दोन मशीनमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. मर्यादेबाहेरची फ्लोट संख्या चार बाइटच्या पूर्णांकात बदलली, तर इंटेल सगळ्यात लहान ऋण संख्या देतो, मग मूळ संख्या कितीही धन असो. एआरएम टोकाला चिकटतो: धन असेल तर सगळ्यात मोठी, ऋण असेल तर सगळ्यात लहान. नॅन, म्हणजे 'संख्याच नाही' असा फ्लोट, इंटेलवर तीच सगळ्यात लहान ऋण संख्या होतो, एआरएमवर ०, रिस्क-फाइव्हवर सगळ्यात मोठी धन. तीन मशीन, तीन उत्तरं, आणि अपवाद एकाही ठिकाणी नाही. त्यामुळे इथे इंटेलवरची चाचणीसुद्धा तुम्हाला वाचवत नाही.

पोस्टग्रेसचं स्वतःचं रूपांतर आधी मर्यादा तपासतं. आपल्या कोडमध्ये ती तपासताना आठ बाइटच्या टोकाला एक सापळा आहे, जो मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. 'संख्या बिगइंटच्या कमाल मूल्याहून लहान किंवा समान आहे का' असं लिहिलं, तर तुलनेसाठी ते कमाल मूल्य आधी फ्लोट होतं. ९२२३३७२०३६८५४७७५८०७ फ्लोटमध्ये नेमकं मावत नाही, ते पुढच्या संख्येवर, म्हणजे २ च्या ६३ व्या घातावर जातं. मग बरोबर तेवढीच संख्या आली तर तपासणी तिला सोडते आणि इंटेलवर ती मोठी ऋण होते, एआरएमवर कमाल. तुलना 'लहान किंवा समान' नको, २ च्या ६३ व्या घाताहून 'लहान' हवी. चाचणीत ही संख्या, तिच्या अलीकडची फ्लोट संख्या, नॅन आणि दोन्ही अनंत हे सगळे घाला.

शेवटच्या बिटातल्या फरकांबद्दल लोक सगळ्यात आधी प्रोसेसरला दोष देतात आणि तो जवळजवळ कधीच दोषी नसतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ या पाच क्रियांचं उत्तर आयईईई ७५४ या मानकाने बिटाबिटापर्यंत ठरवून दिलं आहे. १९८५ चं मानक, २००८ आणि २०१९ मध्ये सुधारलेलं. एका क्रियेपुरतं इंटेल आणि एआरएमचं उत्तर सारखंच येतं. फरक पडतो तो कंपायलरमुळे. ६४-बिट एआरएमवर गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचना मुळातच आहे, आणि जीसीसीला सांगितलं नाही तर तो 'अ गुणिले ब अधिक क' अशा ठिकाणी ती आपणहून वापरतो. मधला गुणाकार राउंड न होता, सगळ्या अंकांसह थेट बेरजेत जातो. इंटेलसाठी सर्वसाधारण पर्यायांनी बांधलं तर ही सूचना वापरली जात नाही, कारण जुन्या प्रोसेसरवर ती नव्हती. म्हणून एकच सोर्स दोन मशीनवर वेगळा शेवटचा बिट देतो. अधिक अचूक उत्तर बऱ्याचदा एआरएमचंच असतं, पण त्याचाही फटका बसतो: दोन समान संख्यांच्या वर्गांची वजाबाकी शून्याऐवजी अगदी लहान ऋण येऊ शकते, आणि पुढे तिचं वर्गमूळ काढलं की नॅन. भावांचं प्रमाण विचलन हाताने लिहिलेल्या सूत्राने काढत असाल तर हे होऊ शकतं. पोस्टग्रेसने आवृत्ती १२ मध्ये व्हेरियन्स आणि विचलनासाठी यंग्ज-क्रेमर पद्धत घेतली, ती असल्या काटछाटीला पुष्कळ पुरून उरते. तिचंच एसटीडीडेव्ह वापरा.

घातांक, लॉग, त्रिकोणमिती यांची उत्तरं गणित-लायब्ररीवर अवलंबून. एकाच इंटेल मशीनवर ग्लिबसी आणि मसल या दोन लायब्ररींत फरक पडू शकतो, म्हणजे डेबियन आणि अल्पाइन या लिनक्सच्या कंटेनरमध्येसुद्धा. या फंक्शन्सच्या चाचणीत सहनशीलता ठेवायला माझी हरकत नाही. वरच्या पाच क्रियांना मात्र सहनशीलता देऊ नका, तिथे फरक दिसला तर तो काहीतरी सांगतो आहे. आणि समांतर क्वेरी बंद करून चाचणी करा. फ्लोटची बेरीज क्रमावर अवलंबून असते, वर्कर वाटणी कशी करतील ते प्रत्येक वेळी वेगळं, आणि मग एकाच मशीनवर सकाळी एक संध्याकाळी एक असं उत्तर मिळतं. 'एआरएमवर बेरीज चुकते' म्हणून आलेल्या तक्रारीत बऱ्याचदा एवढंच निघतं.

एक विषारी कंपायलर-पर्याय राहिला: वेगासाठी फ्लोटचे नियम सैल करणारा 'फास्ट-मॅथ'. पोस्टग्रेस बांधताना तो दिला तर बांधणीची तयारी करणारं कॉन्फिगर तिथेच नकार देतं. पण एक्स्टेन्शनच्या मेकफाइलमध्ये वेग वाढवायला म्हणून कोणी तो घातला तर? जीसीसी १३ च्या आधी, या पर्यायाने जोडलेली शेअर्ड लायब्ररी इंटेलवर लोड होताच त्या प्रक्रियेची फ्लोटची मांडणी बदलायची: अतिलहान संख्या सरळ शून्य. म्हणजे तुमचं एक्स्टेन्शन लोड झाल्यावर त्याच कनेक्शनवरचं पोस्टग्रेसचं स्वतःचं गणित बदलतं. पकडायला सोपं आहे. एक्स्टेन्शन लोड केल्यावर २.२२५०७३८५८५०७२०१४ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात ही संख्या २ ने भागा. अर्धी संख्या आली तर ठीक; 'अंडरफ्लो'ची एरर आली तर कोणीतरी मांडणी बिघडवली आहे.

मशीन कुठून आणायची? यासाठी मोठा खर्च नको. ऑफिसातलं इंटेल किंवा एएमडी एक. ६४-बिट ओएस टाकलेलं रास्पबेरी पाय ४ किंवा टीममध्ये कोणाकडे एम-मालिकेतला मॅक असेल तर तो, किंवा मुंबई विभागातलं तासावारी भाड्याचं एआरएम मशीन. पाय वापरणार असाल तर एप्रिल-मे मध्ये ते एसीच्या खोलीत ठेवा. ८० अंशांच्या आसपास ते स्वतःचा वेग कमी करतं, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद डब्यात तिथे पोचायला त्याला वेळ लागत नाही. उत्तरं बदलत नाहीत, पण वेळमर्यादा ओलांडून चाचण्या पडतात आणि तुम्ही गणितात चूक शोधत बसता. रिस्क-फाइव्ह आणि मेनफ्रेमसाठी क्यूईएमयू, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरचं अनुकरण करणारं सॉफ्टवेअर, पुरतं. डॉकरमधून दुसऱ्या आर्किटेक्चरचे कंटेनर चालवले की आत तेच असतं. नियमपुस्तकात उत्तर ठरलेलं असेल तिथे क्यूईएमयूवर भरवसा ठेवता येतो. पॉवरसारखं जिथे 'अनिश्चित' लिहिलं आहे तिथे त्याचं उत्तर म्हणजे क्यूईएमयूचं उत्तर, खऱ्या मशीनचं नव्हे.

प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला सर्व्हरची व्हर्जन क्वेरी छापून घ्या. त्यात आर्किटेक्चर आणि कंपायलर दोन्ही येतात. मॅकवर चुकून इंटेलचा कंटेनर अनुकरणात चालतो आणि आपण एआरएम तपासलं असं समजतो, हे सर्रास होतं.

दुसरं मशीन मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. जीसीसी किंवा क्लॅंगचा अनडिफाइन्ड-बिहेव्हियर सॅनिटायझर, म्हणजे भाषेने अर्थ न दिलेल्या क्रिया पकडणारा पर्याय, लावून एक्स्टेन्शन बांधा. शून्याने भागाकार, उणे १ चा प्रकार, हे तो इंटेलवरच ओळ क्रमांकासह दाखवतो. जीसीसीमध्ये फ्लोट-ते-पूर्णांक मर्यादेची तपासणी त्या एका पर्यायात येत नाही, ती वेगळी मागावी लागते. आणि रॅप-व्ही चालू असेल तर ओसंडणारी बेरीज त्याला चूक वाटतच नाही, म्हणून सॅनिटायझरच्या बांधणीपुरता तो पर्याय काढा.

फोनवरच्या ॲपचा उल्लेख तुमच्या प्रश्नात ओझरता आहे, त्याबद्दल एवढंच: तिथे एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असेल तर १/० चं उत्तर नल येतं, आणि त्याचा फोनच्या एआरएम प्रोसेसरशी काही संबंध नाही. एसक्यूलाइटचा तो ठरलेला वागण्याचा नियम आहे. मायएसक्यूएलमध्येही सिलेक्टला नल आणि इशारा मिळतो, कडक मोडमध्ये इन्सर्ट-अपडेटला १३६५ क्रमांकाची एरर. अधिक चिन्हाने केलेली बेरीज ओसंडली तर एसक्यूलाइट पूर्णांक सोडून फ्लोटवर जातं, पोस्टग्रेस २२००३ देतं. सर्व्हर आणि फोन दोन्हीकडे एकच क्वेरी चालवायची असेल तर नलइफ दोन्हीकडे लिहा, मग निदान भागाकारात मतभेद उरत नाही.

एक काम चाचणीच्या आधीचं आहे आणि ते लांबवू नका. एआरएम सर्व्हर सुरू झाल्याच्या तारखेपासून आजपर्यंत, क्विंटल शून्य आणि भावही शून्य अशा ओळी भावाच्या टेबलमधून काढा. इंटेलवर त्या दिवशी एरर येऊन ओळच बनली नसती, त्यामुळे त्या तारखेनंतरची अशी प्रत्येक ओळ या चुकीतून आलेली धरायला हरकत नाही. तिथला भाव नल करा, त्या तारखा ज्या आठवड्यांत आणि महिन्यांत येतात त्यांच्या सरासऱ्या पुन्हा काढा, आणि जुन्या सरासरीवर ज्यांना पट्टी किंवा अहवाल गेला असेल त्या अडत्यांची यादी काढून त्यांना सुधारित आकडे पाठवा. फंक्शन दुरुस्त करून चढवल्यावरच हे करा, नाहीतर रात्रीचा जॉब पुन्हा शून्य भरून ठेवेल.